आमच्या घरचा साउंड

आमच्याकडे 'साउंड' या शब्दाला एकच अर्थ आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेली काळ्या खोक्यांची भिंत, तिच्यापुढे नाचणारी पोरं आणि मागे धूर ओकणारा जनरेटर. शिनोलीपासून निरगुडसरपर्यंत कुणालाही विचारा, साउंड म्हणजे डीजे. त्यामुळे मी घरात साउंड बसवून घेतेय ही बातमी गावात पसरली त्याच दिवशी दूध घालायला आलेल्या माणसाने मला विचारलं, "मॅडम, हळदीची सुपारी घेता का नुसती वरातीची?"

मी त्याला म्हटलं, मी एकटी बसून ऐकणार आहे. तो आमच्या ह्यांच्याकडे बघून म्हणाला, "लई भारी." कौतुकाचं ते 'भारी' नव्हतं, हे मला चांगलं कळलं.

तालुक्यातल्या ज्युनियर कॉलेजात मी जन्मभर भौतिकशास्त्र शिकवलं. ध्वनी हा माझा आवडता धडा. निवृत्तीनंतर मंचरच्या कानाच्या डॉक्टरांकडे गेले, कारण टीव्हीवरच्या बायका पुटपुटतात असं मला वाटायला लागलं होतं. डॉक्टरांनी मला काचेच्या खोलीत बसवलं, कानात वेगवेगळे सूर सोडले आणि शेवटी सांगितलं की बारीक आवाज आधी जातात, तुमचे जायला लागलेत. गेलेलं परत येत नाही. पुढे मशीन लावावं लागेल, पण अजून वेळ आहे. "कानांना जपा. मोठ्या आवाजात जाऊ नका."

मोठ्या आवाजात जाऊ नका! या तालुक्यात राहून! साखरपुडा, हळद, वरात, जत्रा, मिरवणूक, सरपंच निवडून आला तरी साउंड आणि पडलेल्याला चिडवायला तर दुप्पट साउंड. खिडक्यांच्या काचा थरथरतात, गोठ्यात गाय दावं तोडते, घरातलं म्हातारं माणूस उशीत तोंड खुपसून पडतं, आणि कुणी तक्रार केली की "एक दिवसाचं तर हाय, राव!" असा एक दिवस आमच्याकडे आठवड्यातून दोनदा येतो. डॉक्टरांचं बोलणं ऐकून मला रडू यायला हवं होतं. मला राग आला. म्हटलं, माझे कान जाणारच असतील तर जाण्याआधी एकदा नीट, पोटभर ऐकतील.

आणि काय ऐकायचं हेही ठरलेलं होतं. माझं माहेर नारायणगावच्या बाजूचं. गावात तमाशाचे फड उतरायचे, पण आम्हा मुलींना कनातीच्या जवळही जायची सोय नव्हती. भाऊ जायचे, चुलते जायचे, आणि आम्ही अंगणात अंथरुणं टाकून लांबून ऐकायचो. लांबून यायचा तो फक्त ढोलकीचा घुमारा. झांज, तुणतुणं, घुंगरं वाटेतच विरून जायची. बारीक आवाजाला लांबचा पल्ला झेपत नाही. वाऱ्यात तो आधी मरतो. हे मी पुढे फळ्यावर आकृती काढून शिकवलं, पण त्यामागचा संताप काही आकृतीत काढता येत नाही. अख्खी लावणी भावांनी ऐकली आणि उरलेला घुमारा आमच्या वाट्याला आला. ती झांज मला ऐकायची होती.

पुण्याच्या दुकानात गेलो. भारी सामानाचं दुकान, आत चप्पल काढून जायचं, देवळासारखं. विक्रेत्याने आमच्या ह्यांना मऊ खुर्चीत बसवलं, त्यांना कॉफी विचारली, आणि मला कोपऱ्यातला सोफा दाखवला. मी विचारलं, या स्पीकरचा रोध किती, आणि तो सगळ्या स्वरांना सारखा राहतो का? त्याने ह्यांच्याकडे वळून उत्तर दिलं, "सर, तुम्ही काळजी करू नका." मी विचारलं, ॲम्प्लिफायर तापला की आवाजात फरक पडतो का? "सर, मॅडमना रंग कुठला आवडेल?" आमचे हे भला माणूस. कॉफीचा घोट घेऊन म्हणाले, "मला विचारू नका भाऊ, मी कांदेवाला. शिकलेली ती हाय." तरीही त्या माणसाने शेवटपर्यंत माझ्याशी थेट एक वाक्य बोलायचं टाळलं. मी दुसऱ्या दुकानात गेले. तिथेही "सर आले नाहीत का?" असं विचारलं गेलं, कारण त्या खेपेला मी एकटी गेले होते. म्हटलं, सर कांदे काढतायत, सामान दाखवा.

खोली म्हणून आमची जुनी बराख मिळाली. बराख म्हणजे कांदे साठवायची जागा. नवी बांधल्यावर ही रिकामी पडली होती. भिंती भरून घेतल्या, वर छत घातलं, तरी कांद्याचा वास गेला नाही, आणि मला तो आता जाणवतही नाही. दुकानदार म्हणाला होता की भिंतींना परदेशी पॅनेल लावा. मी माझ्या खुर्चीच्या मागच्या भिंतीवर आमच्या सगळ्या जुन्या गोधड्या टांगल्या. जुन्या लुगड्यांचे सात-आठ थर शिवलेली जाड गोधडी आवाज किती छान पिते ते त्या परदेशी लोकांना माहीत नाही. कोपऱ्यांत कापसाच्या गाद्या गुंडाळून उभ्या केल्या.

मग विजेचं रामायण. पहिल्यांदा सगळं जोडलं तर गाण्याच्या आधी गुणगुण. मधमाशा पाळल्यासारखी. वायरमनला म्हटलं, स्वतंत्र अर्थिंग हवं, मीठ-कोळसा घालून खोल खड्ड्यात. तो म्हणाला, "मॅडम, पाच हॉर्सच्या मोटारीला येवढं कोनी करत नाय." मी म्हटलं, मोटार गात नाही. त्याने खड्डा खणला, पण जाताना फाटकापाशी ह्यांना हळूच विचारलंच, की बाईंची तब्येत बरी आहे ना. गुणगुण गेली. मात्र शेतीची लाइट आली की शिवारातल्या मोटारी एकदम सुरू व्हायच्या आणि दिवे डोळे मिचकावायचे, म्हणून एक मोठा स्टॅबिलायझर आणावा लागला. तो आणला तर तोच गुणगुणतो! तो उचलून पडवीत ठेवला. डोंगर पोखरून उंदीर काढावा तसं काम, पण दर खेपेला एकेक उंदीर निघत होता हे खरं.

त्यानंतर मांडणी. स्पीकर भिंतीपासून किती पुढे, एकमेकांपासून किती लांब, माझ्या खुर्चीकडे किती वळलेले. मी गवंड्याचा ओळंबा आणि दोरा घेऊन गुडघ्यांवर फिरत होते. एक बोटभर सरकवायचं, खुर्चीत येऊन बसायचं, तीच लावणी लावायची, पुन्हा उठायचं. जुन्या ध्वनिमुद्रणातली ती लावणी. ढोलकी मधोमध, बाईचा आवाज तिच्या जरा पुढे, झांज डावीकडे आणि तुणतुणं उजवीकडे. निदान तसं असायला हवं होतं. पहिले काही आठवडे सगळी मंडळी एकाच पोत्यात कोंबल्यासारखी यायची. मग एका दुपारी स्पीकर जरासे आत वळवले, खुर्ची हातभर पुढे घेतली, आणि डाव्या हाताला, स्पीकरच्याही पलीकडे, भिंतीत बसल्यासारखी झांज वाजली. नुसता टणत्कार नाही. दोन पितळी वाट्या एकमेकींना घासून सुटतात तो आवाज, आणि मग त्याची बारीक शेपटी, विरत विरत जाणारी. मी ती शेपटी संपेपर्यंत श्वास धरून बसले. एवढं सुख मला जन्मात फार थोड्या वेळा झालं आहे आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही.

लोक यायचे बघायला. "आवाज वाढवा की!" हे पहिलं वाक्य. "याच्यावर नाचता यायचं न्हाई," हे दुसरं. एका पाहुण्याने स्पीकरच्या जाळीवर टिचकी मारून विचारलं, "मॅडम, लाइटी नाय का याला?" फक्त माझ्या थोरल्या जाऊबाई, आक्का, लावणीभर गप्प बसल्या आणि शेवटी म्हणाल्या, "आगं, ही बाई हितंच हाय का काय? मला तिची बांगडी ऐकू आली." मी खूश झाले. त्या ध्वनिमुद्रणात बांगडी आहे हे मला तोवर माहीत नव्हतं.

मग आक्कांच्या मुलाचं लग्न निघालं.

लग्न निघालं की आमच्या भावकीत कुणाचं काही कुणाचं राहत नाही. ही जुनी रीत आहे. पातेली, पराती, सतरंज्या, खाटा, पंखे. ज्या घरात जे असेल ते मांडवात जातं, आणि विचारून नेलं तर उलट अपमान समजतात. भांड्यांवर नावं कोरलेली असतात ती त्यासाठीच. मी स्वतः सगळ्यात मोठी पितळी परात आदल्या दिवशीच पाठवली होती. हळदीच्या दिवशी मी घोडेगावला गेले होते, ब्लाऊज शिवायला टाकले होते ते आणायला. घराची किल्ली आक्कांकडे, नेहमीसारखी. दिवस कलता कलता परत आले, मांडवात पाऊल टाकलं, आणि समोर माझे स्पीकर.

प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्यांवर, एक मांडवाच्या या टोकाला, एक त्या टोकाला. एकावर हळदीचं ताट ठेवलेलं. दुसऱ्याच्या अक्रोडी लाकडावर पाच पिवळी बोटं. माझा ॲम्प्लिफायर पाण्याच्या पिंपाशेजारी, आणि पोरं त्याचं बटण पिळून पिळून ओरडतायत, "आवाजच नाय याला! दिसायला नुसता पैलवान!"

मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. पाहुण्यांदेखत बोलले एवढं आठवतं. "अक्कल गहाण टाकलीय का? परात आहे का ती? कुणी हात लावायला सांगितला? काढा आधी!" आमचे हे मला ओढत होते. नवरदेव हळद लावलेल्या तोंडाने खाली बघत होता. आक्का पुढे आल्या, काहीतरी बोलायला लागल्या, आणि मी त्यांना बोलू दिलं नाही. पोरांनी स्पीकर उचलून कडेला ठेवले. मग कुणीतरी फोन लावला, आणि थोड्या वेळाने ट्रॉली आली. ती खरी साउंडची भिंत मांडवाच्या कडेला, माझ्या डाव्या अंगाला लागली. मी चुलती, मला नवरदेवाजवळून हलता येत नव्हतं. छातीत ठोके बसत होते आणि मी मनातल्या मनात अजून स्पीकरवरून भांडत होते. पुढचे कित्येक दिवस कानात शिट्टी वाजत होती. तिच्याकडेही मी लक्ष दिलं नाही, इतकी मी रागात होते.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सामान परत आलं. आता हेही ऐका. नेलेलं भांडं आमच्याकडे घासूनपुसून परत करतात. त्यांनी माझे स्पीकर धुतले होते. ओल्या फडक्याने, भांड्यांच्या साबणाने, लख्ख! हळद गेली आणि तिच्या जागी लाकडावर पांढरा डाग आला. शिवाय भांडं रिकामं परत करायचं नसतं, त्यात गोडाधोडाचं काहीतरी घालून द्यायचं असतं. स्पीकरच्या पाठीला हातभर खोल गोल भोक असतं, आतली हवा तिथून ये-जा करते. त्या भोकात बुंदीची पिशवी होती. दोन्हीच्या. मी त्या ओढून बाहेर काढल्या. आमचे हे दाराशी उभे राहून हसू दाबायचा प्रयत्न करत होते. त्या दिवशी मी त्यांच्याशीही बोलले नाही.

सगळं पुन्हा मांडलं. ओळंबा, दोरा, गुडघे. लावणी लावली. उजवीकडे तुणतुणं होतं. मधे ढोलकी होती. डावीकडे झांज नव्हती. म्हणजे काहीतरी होतं, लाकडावर लाकूड आपटल्यासारखं. घासणं नाही, सुटणं नाही, शेपटी तर नाहीच.

डावा स्पीकर गेला! साबणाचं पाणी गेलं आत, नाहीतर त्या पोरांनी बटण पिळून आतला नाजूक पडदा जाळला. मी आक्कांकडे जाणं बंद केलं. त्यांच्या नव्या सुनेने पाठवलेला चहाचा निरोपही परत पाठवला. भावकीत जो भेटेल त्याला सांगितलं की अडाण्यांच्या गावात चांगली वस्तू आणू नये. पुण्याच्या दुकानदाराशी फोनवर भांडले. त्याने पाठवलेला माणूस माइक आणि लॅपटॉप घेऊन आला, खोलीत मोजमाप केलं आणि म्हणाला, दोन्ही अगदी सारखे आहेत. मी म्हटलं, तुमचा माइक बिघडलाय. तो म्हणाला, मॅडम, दोन स्पीकरची अदलाबदल करून बघू का? मी त्याला हात लावू दिला नाही. एवढी जुळवलेली मांडणी मोडायची नाही म्हणून, असं मी त्याला सांगितलं, आणि स्वतःलाही. जन्मभर मुलांना मी हेच शिकवलं होतं की बिघाड कुठे आहे ते शोधायचं तर बाजू बदलून बघा.

काही दिवसांनी दुपारी आक्का स्वतःच आल्या. मी लावणी लावून बसले होते. त्या माझ्या शेजारी, डाव्या अंगाला, पाटावर बसल्या. मी गाणं बंद केलं नाही. म्हटलं, ऐका तुमची करणी. जरा वेळाने त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"आगं, म्या कवाधरनं बोलतीय."

"काय?"

"म्हनलं, चुकलंच माझं. पोरांचं नको मनावर घेऊ. डीजे ठरलेलाच व्हता, म्याच नको म्हनलं. तुला डाक्टरनी सांगितलंय ना, मोठ्या आवाजात जायचं न्हाई. म्हनलं आपल्या घरचाच साउंड लावू, हळू वाजतो, तुझ्या कानाला तरास नाय. पर पोरांना तो पुरंना."

माझा सगळा राग तोंडापाशी येऊन अडकला. मग मी विचारलं, "आक्का, डावीकडची झांज कशी वाटते?"

त्यांनी डोळे मिटून ऐकलं. "ब्येस की. तवा व्हती तशीच. लई लांबतीय शेवटाला."

मी उठले. स्पीकरला हात लावला नाही. माझी खुर्ची उचलली आणि उलटी ठेवली, तोंड गोधड्यांच्या भिंतीकडे, पाठ गाण्याकडे. बसले. आता डावा स्पीकर माझ्या उजव्या हाताला आला होता. लावणी सुरू होतीच. झांज उजव्या कानात लख्ख आली, घासून सुटली, शेपटी विरत विरत गेली. आणि तुणतुणं, जे इतके दिवस स्वच्छ होतं, ते आता डावीकडून मातीत पुरल्यासारखं वाजत होतं.

"आता उलटी का बसलीस गं?" आक्का पाटावरून उठून माझ्या डाव्या अंगाला येऊन उभ्या राहिल्या होत्या, त्यांनी असं विचारलं असावं. त्यांचे ओठ हलताना दिसले.

मला कुणावर तरी ओरडायचं होतं. फार मोठ्याने, पाहुण्यांदेखत ओरडले होते तसं. दुकानदारावर, पोरांवर, त्या ट्रॉलीवर, डॉक्टरांच्या 'अजून वेळ आहे'वर. पण खोलीत कांद्याचा वास होता आणि आक्का होत्या.

मी म्हटलं, "आक्का, तुम्ही जरा इकडं येऊन बसा. उजव्या बाजूला."